गाडीची रिमोट चावी मध्येच दगा देते? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या बुधवार पेठेत, तापकीर गल्लीपासून चार पावलांवर माझं रिपेअरिंगचं टेबल आहे. सुरुवातीला त्यावर रेडिओ आणि टेपरेकॉर्डर असायचे. आता रोज गाडीच्या चाव्या येतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे. सेलबद्दल जास्त लिहिलं आहे, कारण चुकीचा सेल घालून धडधाकट चावी मारलेली मी फार वेळा पाहिली आहे आणि दर वेळी वाईट वाटतं.

चावी कधी चालते, कधी नाही. सुरुवात कुठून करू?

घरातली दुसरी चावी शोधा. गाडी घेतली तेव्हा दोन मिळाल्या होत्या. एक बहुतेक कपाटात, गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये पडून असेल. तिच्यात नवा सेल घाला (वापरली नाही तरी तिचा सेल उतरलेला असू शकतो) आणि गाडीपाशी जाऊन बघा.

ती नीट चालली तर दोष पहिल्या चावीत आहे. दोन्ही चाव्या सारख्याच हट्टाला पेटल्या असतील तर चावी उघडत बसू नका. मग गाडीची मोठी बॅटरी, गाडीतला रिसीव्हर किंवा तुम्ही उभे आहात ती जागा, यांच्यापैकी काहीतरी आहे. या एका तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि तरीही दहातले आठ जण ती न करताच माझ्याकडे येतात. काही जण तर नवी चावी मागवूनही मोकळे झालेले असतात.

चावीच्या आत नक्की काय काय असतं?

हे समजलं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. एका चावीत दोन वेगळी कामं चालतात, स्मार्ट चावीत तीन.

पहिलं, बटण दाबल्यावर रेडिओ संदेश पाठवणं. भारतातल्या बहुतेक गाड्यांत तो ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास जातो. याला सेल लागतो.

दुसरं, इमोबिलायझरची चिप. इंजिन चालू करायला गाडी हिची ओळख पटवून घेते. हिला सेल लागत नाही. इग्निशनभोवती किंवा स्टार्ट बटणापाशी तारेचं वेटोळं असतं, त्याच्या क्षेत्रातूनच चिपला लागेल तेवढी वीज मिळते. म्हणून सेल पार मेला तरी गाडी चालू होऊ शकते.

तिसरं फक्त स्मार्ट चावीत असतं. तुम्ही हँडलला हात लावता तेव्हा गाडी कमी वारंवारतेवर, साधारण १२५ किलोहर्ट्झवर, हाक मारते आणि खिशातली चावी ओ देते. ही हाक ऐकायला चावीचा एक कान कायम उघडा असतो, आणि त्यातच तिचा सेल हळूहळू झिजतो.

आता तक्रार नेमकी सांगता येईल. दार उघडतं पण इंजिन चालू होत नाही आणि डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकतं, तर चिपचा प्रश्न. इंजिन चालू होतं पण बटणानं दार उघडत नाही, तर सेल, बटण किंवा रेडिओचा. या दोन तक्रारी कृपया एकत्र करू नका.

सेल संपत आलाय हे कसं ओळखायचं?

अंतर कमी होतं. पूर्वी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून गाडी लॉक व्हायची, आता बोनेटपाशी जावं लागतं. दोनदा-तीनदा दाबावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चालत नाही आणि दुपारी चालते, हीसुद्धा सेलचीच खूण आहे; थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो. बऱ्याच गाड्या डॅशबोर्डवर सूचनाही देतात, पण तिची वाट पाहू नका.

मल्टिमीटरवर सेल ३ व्होल्ट दाखवतो. मग दोष दुसरीकडेच ना?

नाही, आणि इथेच भले भले फसतात. बाहेर काढून मोजलेला सेल म्हणजे जिन्याखाली आरामात बसलेला हमाल. त्याच्या पाठीवर पोतं ठेवल्याशिवाय त्याचा दम कळत नाही. बटण दाबल्यावर चावी काही मिलिअँपिअर करंट एकदम ओढते. थकलेल्या सेलचं व्होल्टेज त्याच क्षणी कोसळतं, बटण सोडलं की पुन्हा वर येतं.

म्हणून मी चावी उघडतो, सेल जागेवरच ठेवतो, मीटरच्या दोन्ही पिना त्याच्या संपर्कपट्ट्यांवर टेकवतो आणि गिऱ्हाइकालाच बटण दाबायला सांगतो. परवा एरंडवण्याच्या एक काकू आल्या होत्या. सेल ३.०१ दाखवत होता. बटण दाबलं, आकडा २.२ पर्यंत घसरला, सोडलं, पुन्हा २.९८. काकूंनी स्वतः चार वेळा दाबून पाहिलं. 'म्हणजे हा नुसता दिसायला बरा आहे,' म्हणाल्या. याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. नवा, चांगला सेल ३.१ ते ३.३ व्होल्ट दाखवतो आणि बटण दाबल्यावरही फारसा डगमगत नाही.

२०३२ मागितला, दुकानदारानं २०२५ दिला. चालेल का?

नको. हे आकडे म्हणजे सेलची मापं आहेत. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ ची जाडी २.५, २०१६ ची १.६. सगळे ३ व्होल्टचेच, पण पातळ सेल घातला तर तो खाचेत हलतो. टेबलावर चावी चालते आणि सिंहगड रस्त्यावरच्या पहिल्या स्पीडब्रेकरला बंद पडते. काही जण कागदाची किंवा चांदीच्या वर्खाची घडी घालून तो घट्ट बसवतात. वर्ख सरकून दोन टोकं जोडली गेली तर सेल गरम होऊन संपतो. जुन्या सेलवर छापलेला पूर्ण आकडा वाचा, अक्षरांसकट. ती अक्षरं का महत्त्वाची, ते पुढे येतंच.

सेल घरी बदलताना काय सांभाळायचं?

आधी कोणती बाजू वर होती याचा मोबाइलवर फोटो काढा. चावी नखानं किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीनं उघडा. स्क्रूड्रायव्हर आत घुसवलात तर सर्किटवरचा एखादा कणाएवढा भाग उडतो. नवा सेल कडेनं धरा, दोन्ही सपाट बाजूंना बोटं लावू नका. बोटाचा तेलकटपणा संपर्कात येतो. चावीतली रबरी कड पुन्हा नीट बसली का ते पाहून मगच झाकण दाबा. ती वाकडी राहिली की पुढच्या पावसात पाणी आत गेलंच समजा.

नवा सेल घातला, तरी चालत नाही!

सेल उलटा नाही ना, हे आधी. मग सेलवर पातळ पारदर्शक स्टिकर राहिला आहे का, ते बघा.

आणखी एक गोष्ट हल्ली दिसते. लहान मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या त्यावर कडू चवीचा थर देतात. हेतू फार चांगला आहे, पण काही चाव्यांत तोच थर नेमका संपर्काच्या जागी येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा आणि वाळू द्या.

तेही नसेल तर सेलला दाबून धरणारी पत्र्याची जीभ बघा. वर्षानुवर्षं दबून ती सपाट होते. टाचणीच्या टोकानं अलगद किंचित वर उचलली की काम होतं. आणि शेवटी बटणं. रबराच्या खाली छोटे टक-टक वाजणारे स्विच असतात. रोजच्या दाबण्यानं त्यांच्या पायांचा डाग (सोल्डरिंगचा जोड) तडकतो. बटण एका कोपऱ्यातूनच दाबलं तर चालतं, जोरात दाबलं तर चालतं, अशी तक्रार असली की मी न उघडताच सांगतो, डाग सुटला आहे. पुन्हा डाग मारला की झालं. स्विच बदलावा लागला तरी ते नव्या चावीच्या मानानं काहीच काम नाही.

गणपतीनंतरच्या आठवड्यात वेगळाच प्रकार येतो. मिरवणुकीत खिशात गेलेला गुलाल बटणांच्या कडेनं आत उतरलेला असतो, घामानं ओला होऊन घट्ट बसलेला. मऊ ब्रशनं आधी कोरडाच झाडा. पाणी लावलंत तर त्याचा चिखल होतो.

दर वर्षी सेल घ्यायचा कंटाळा येतो. २०३२ मापाचा रिचार्जेबल सेल घालू का?

कळकळीनं सांगतो, घालू नका.

दुकानात दिसणारा रिचार्जेबल २०३२ बहुधा 'एलआयआर' अक्षरांचा असतो. साधा असतो तो 'सीआर'. माप तंतोतंत एकच, पण आतलं रसायन निराळं. सीआर ३ व्होल्टचा. एलआयआर पूर्ण चार्ज केला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो. चावीतले कितीतरी चिप ३.६ व्होल्टच्या पलीकडे टिकतील अशी हमी त्यांचे उत्पादकही देत नाहीत. कधी पहिल्याच दाबण्याला चिप जळतो, कधी दोन महिने विचित्र वागून मग जातो.

समजा जळला नाही, तरी हिशेब बसत नाही. सीआर २०३२ ची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास, एलआयआर २०३२ ची सुमारे ४०. ज्या चावीला साधा सेल दोन वर्षं पुरतो तिला हा साडेचार महिनेही पुरणार नाही, आणि लिथियम-आयनचा सेल नुसता पडूनही साध्या सेलपेक्षा लवकर उतरतो. म्हणजे वर्षातून तीनदा चावी उघडायची. प्रत्येक उघडण्यात झाकणाच्या खाचा झिजतात, रबरी कड सैल होते. वाचवायला गेलात एक सेल आणि गमावलीत चावी.

'एमएल' अक्षरांचा रिचार्जेबल सेल ३ व्होल्टचाच असतो, त्यामुळे तो चिप जाळत नाही. पण क्षमता साधारण ६५. तोही साध्या चावीसाठी नव्हेच.

माझ्या गाडीच्या चावीत मुळातच रिचार्जेबल सेल आहे असं मेकॅनिक म्हणाला. खरं असेल का?

असू शकतं. बीएमडब्ल्यूच्या जुन्या, हिऱ्याच्या आकाराच्या चाव्यांत तसा सेल असतो. ३ सिरीजचं ई४६ हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं मॉडेल. त्यातला सेल 'व्हीएल २०२०', म्हणजे २० मिलिमीटर व्यास, २ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट आणि क्षमता फक्त सुमारे २० मिलिअँपिअर-तास. चावी इग्निशनमध्ये असताना तिथल्या वेटोळ्यातून आणि चावीतल्या छोट्या तांब्याच्या वेटोळ्यातून, वायरशिवाय, तो थेंबथेंब भरत राहतो. म्हणून या चावीला सेल बदलायचं झाकणच नाही. ती कारखान्यात कायमची चिकटवलेली असते.

दोष कुठे येतो? कोथरूडचे एक काका आले होते. मुलगा परदेशी गेला, गाडी मागे राहिली. काका आठवड्यातून एकदा भाजी आणायला गाडी काढायचे, घर ते मंडई आणि परत. दुसरी चावी तीन वर्षं लॉकरमध्ये. 'दोन्ही चाव्यांचे रिमोट एकदम कसे गेले?' हा त्यांचा प्रश्न. एकदम गेले नव्हते. लॉकरमधली चावी कधी चार्ज झालीच नाही, तिचा सेल खोल उतरून मेला. वापरातली चावी प्रत्येक फेरीत जेवढी भरायची त्याहून जास्त वापरली जायची. सेल इतका सावकाश भरतो की पंधरा मिनिटांच्या फेरीत त्याला घोटभरही मिळत नाही.

बीएमडब्ल्यूच्या माहितीपुस्तकात प्रत्येक चावीनं वर्षातून किमान दोनदा लांबचा प्रवास करायला सांगितलेलं आहे. पुणे ते महाबळेश्वर एका चावीनं जा, येताना दुसरी लावा. सेल अजून तग धरून असेल तर अशा दोन-तीन प्रवासांत जीव येतो. नाही आला तर तो गेला.

हा कायमचा बसवलेला सेल बदलता येतो का?

येतो. पण हे घरी करायचं काम नाही, आणि प्रत्येक चावीवाल्यालाही देऊ नका.

चावीच्या सांध्यावरून पातळ पात्यानं, मिलिमीटरभरच खोल, चारी बाजूंनी फिरावं लागतं. जास्त खोल गेलं की तांब्याचं वेटोळं कापलं जातं. तार केसाएवढी बारीक असते. मग चावी कायमची चार्ज व्हायची बंद. सेलला पत्र्याच्या दोन पट्ट्या कारखान्यातच वेल्ड केलेल्या असतात आणि त्या सर्किटवर डाग देऊन बसवलेल्या असतात. नवा सेलसुद्धा पट्ट्यांसकटच मागवायचा. सेलच्या अंगावर थेट सोल्डरिंग गन टेकवली तर आतलं रसायन तापतं, सेल फुगतो, फुटूही शकतो. हे मी स्वतः शिकाऊ असताना पाहिलं आहे; शेजारच्या टेबलावर फुटलेल्या सेलनं त्या मुलाची भुवई भाजली होती.

त्याहून मोठी चूक म्हणजे इथे साधा सीआर सेल बसवणं. 'पट्टीचा मिळत नाही, हाच लावतो, वर्षभर जाईल' असं सांगून बसवून देणारे आहेत. पण गाडी त्याला प्रत्येक प्रवासात चार्ज करायला बघते आणि हा सेल चार्ज होण्यासाठी बनलेलाच नाही. तो गळतो आणि गळलेलं रसायन सर्किट खातं. अशी हिरवट-पांढरी पडलेली चावी वाचवणं फार अवघड जातं. म्हणून नियम एकच: चावीतून सीआर निघाला तर सीआर, व्हीएल निघाला तर व्हीएल.

सेल बदलल्यावर रिमोटची गाडीशी पुन्हा ओळख करून द्यावी लागते. ई४६ मध्ये रीत अशी: आत बसून सगळी दारं बंद करा. चावी पहिल्या खुणेपर्यंत फिरवून पाच सेकंदांत परत बंद करा आणि बाहेर काढा. लगेच उघडण्याचं बटण दाबून धरा, ते धरलेलंच असताना बंद करण्याचं बटण तीनदा दाबा, मग दोन्ही सोडा. दारं एकदा बंद होऊन उघडली की ओळख पटली. इतर मॉडेलची रीत वेगळी असते.

स्मार्ट चावीचा सेल सहा महिन्यांतच संपतो. चावी खराब आहे का?

आधी सांगा, घरात चावी कुठे टांगता?

टोयोटाच्या माहितीपुस्तकात चावी टीव्ही, संगणक, मोबाइलचा चार्जर, टेबललॅम्प आणि इंडक्शन शेगडी यांच्यापासून लांब ठेवायला सांगितलं आहे. यांच्या क्षेत्रामुळे चावीचा तो उघडा कान पुन्हा पुन्हा दचकतो आणि सेल खर्ची पडतो. आपल्या फ्लॅटमध्ये चाव्यांचा खुंटा नेमका टीव्हीच्या कपाटाला असतो, नाहीतर ओट्याशेजारी. तो किमान मीटरभर लांब न्या. खाली बंगल्यात गाडी भिंतीलगत असेल आणि आतल्या बाजूला चावी असेल तर दोघांची रात्रभर कुजबुज चालू राहू शकते. तेव्हाही जागा बदला.

दुसरी चावी महिनोन्‌महिने ठेवून द्यायची असेल तर टोयोटाच्या बऱ्याच स्मार्ट चाव्यांत सेल वाचवायची सोय आहे: लॉकचं बटण धरून ठेवा आणि अनलॉक दोनदा दाबा. दिवा चार वेळा चमकला की चावी झोपली. कुठलंही बटण दाबलं की जागी होते.

चावी पावसात भिजली, किंवा वॉशिंग मशीनमधून निघाली.

चालते का बघायला बटण दाबू नका. आधी उघडून सेल काढा. पाण्यापेक्षा, पाण्यात असताना वाहणारी वीज तांब्याच्या रेषा खाते. साबणाचं किंवा चिखलाचं पाणी गेलं असेल तर सर्किट आधी स्वच्छ पाण्यानं धुवा (हो, धुवा), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मऊ ब्रश फिरवा आणि पंख्याखाली दिवसभर ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरून काही होत नाही, उलट पिठी आत जाते. ड्रायरच्या गरम वाऱ्यानं रबर वाकतं. मग नवा सेल. धुतलेल्या दिवशीच आलेल्या चाव्या बहुतेक वाचतात. 'चालत होती म्हणून आठवडाभर वापरली' अशा वाचत नाहीत.

घरी चालते, पण ठरावीक जागी चालत नाही.

मग जागेचा दोष. माहितीपुस्तकांत टीव्ही टॉवर, रेडिओ केंद्र, विमानतळ, वीजकेंद्र यांच्याजवळ चावी अडू शकते असं लिहिलेलं असतं. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे. वरच्या वाहनतळावर चावी रुसली तर घाबरू नका, गाडीच्या अगदी जवळ जाऊन दाबा किंवा आतल्या साध्या चावीनं उघडा.

पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये शोध घेण्यासारखा असतो. कर्वेनगरच्या एका सोसायटीत चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच कोपऱ्यात एकाच आठवड्यात अडायला लागल्या. चौघांनी सेल बदलले, एकानं नवी चावी घेतली. मी गेलो तेव्हा गाड्या तीस पावलं पुढे घेतल्या, की सगळ्या चालू. वर पहिल्या मजल्यावर वायरलेस बेल होती. दारावरचं बटण रंगकामात चिकटून दबलेलंच राहिलं होतं आणि ते सतत त्याच ४३३ च्या पट्ट्यात ओरडत होतं. बटण खरवडून मोकळं केलं. ज्यांनी नवी चावी घेतली त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. शेजाऱ्यांची गाडीही तिथेच अडते का, एवढं विचारलं असतं तर पैसे वाचले असते.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून चावीचा दिवा तपासता येतो म्हणतात?

टीव्हीचा रिमोट तपासता येतो, कारण तो इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. गाडीची चावी रेडिओ लहरी पाठवते. कॅमेऱ्याला काही दिसणार नाही. चावी हनुवटीला टेकवून दाबली की लांबून चालते, हे मात्र खरं आहे. आपलं पाणीदार डोकं अँटेनाला मदत करतं.

मुलानं खेळताना बटण शेकडो वेळा दाबलं. आता गाडी ओळखतच नाही.

प्रत्येक दाबण्याला चावी नवा सांकेतिक आकडा पाठवते आणि गाडी त्याच्या बरोबरीनं मोजत राहते. गाडी लांब असताना दाबलं की चावी पुढे जाते, गाडी मागे राहते. थोडं अंतर गाडी चालवून घेते. कीलॉक नावाच्या, पुष्कळ गाड्यांत वापरलेल्या पद्धतीत पुढचे १६ आकडे सरळ चालतात, त्यापलीकडे लागोपाठ दोनदा दाबावं लागतं. म्हणून आधी गाडीजवळ उभं राहून सावकाश दोन-तीनदा दाबा. नाही झालं तर चावीनं इंजिन चालू करा. बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानं मोजणी पुन्हा जुळते.

रात्री अकरा वाजता स्मार्ट चावी मेली. गाडी उघडायची कशी?

चावीच्या पोटात पोलादी चावी असते. बारीक खटका सरकवला की बाहेर येते. दाराच्या हँडलवर कुलपाचं भोक दिसत नसेल तर ते टोपणाखाली लपलेलं आहे. असं दार उघडल्यावर अलार्म वाजू शकतो, दचकू नका. आत बसा, ब्रेक दाबा, चावीच स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. चिपला सेल लागत नाही, हे वर सांगितलं ते इथे कामी येतं. काही गाड्यांत टेकवायची जागा बटणापाशी नसून कपहोल्डरमध्ये किंवा स्टीअरिंगच्या दांड्याजवळ असते. आज दिवसाउजेडी माहितीपुस्तकात ती जागा बघून ठेवा.

दोष गाडीच्या बॅटरीचा असेल तर?

दोन्ही चाव्या अडतात, आतला दिवा मंद पेटतो, आणि गाडी बरेच दिवस उभी असते. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. चार्ज करा, मग चावीबद्दल बोलू.

ऑनलाइन जुनी किंवा आयात केलेली चावी स्वस्तात मिळते. घेऊ?

जपान आणि अमेरिकेच्या गाड्यांत ३१५ मेगाहर्ट्झ सर्रास असतं. दिसायला हुबेहूब तीच चावी, पण आपल्या गाडीच्या कानाला ती ऐकूच येत नाही. शिवाय बऱ्याच चिप एकदा एका गाडीशी जोडल्या की दुसरीला लागत नाहीत. फक्त रिकामं कवच घ्यायला हरकत नाही.

चावी हरवली असेल तर पोलिसांकडे नोंद करा आणि हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून काढून टाकायला सांगा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, तेव्हा ही नोंद लागते.

मुलानं बटण सेल गिळला असावा असं वाटतंय.

थांबू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. उलटी काढायला लावू नका. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून भाजू शकतो, अगदी 'संपलेला' सेलसुद्धा. मूल हसतंखेळतं असलं तरी एक्स-रे करून घ्या. सेलचं पाकीट बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना माप कळेल.

काढलेल्या सेलचं काय करू?

दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, डबीत साठवा आणि ई-कचऱ्यात द्या. कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येत असतील तर सुक्या कचऱ्यात न मिसळता त्यांच्या हातात वेगळा द्या. त्या हातानं कचरा निवडतात.

दुरुस्तीला येताना काय आणू?

दोन्ही चाव्या. जमलं तर गाडी जवळपास लावून या. नदीपात्रात जागा मिळते, तिथून चालत यावं लागेल. घरी चावी उघडली असेल, कवच बदललं असेल, तर जुनं कवच फेकण्याआधी ते उलटं करून झटका. दुमडणाऱ्या बऱ्याच चाव्यांत इमोबिलायझरची चिप सर्किटवर नसते, कवचाच्या कोपऱ्यात खोचलेली असते, तांदळाच्या दाण्याएवढी किंवा काळ्या खडूच्या तुकड्यासारखी. लोक ती कचरा समजून केरात टाकतात. मग रिमोट उत्तम चालतो आणि इंजिन काही केल्या चालू होत नाही. सापडेल तो प्रत्येक तुकडा डबीत घालून आणा.